जगदेवच्या वाटणीची लाकडं

“अन् म्हाताऱ्यांले जोडी कायले पाह्यजे, मले कोनी सांगन काय?” असं म्हणून रामकिसननं व्यायामाच्या जोडीतला तडकलेला मुदगल पायानं जरासा लोटला. मुदगल ओसरीवर अर्धा वळसा घेऊन परत त्याच्याच पायाशी येऊन थांबला. रामकिसननं पाय आखडून घेतला.

अनसिंगहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्याला एका कापसाच्या जिनवाल्याच्या बाईनं नवऱ्याच्या मागं अकरा खोल्या बांधून दिल्या होत्या. ज्यांचं उभं आयुष्य त्या जिनाच्या कापसात गेलं आणि म्हातारपणी ज्यांना विचारणारं कोणी उरलं नाही, अशांनी तिथं राहावं. सोबत शेताचा एक तुकडा होता, त्याच्या ज्वारीवर सगळ्यांचं भागत असे. गावातले लोक त्या जागेला म्हातारखोल्या म्हणत, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनाही त्या नावाचं काही वाटेनासं झालं होतं. वरकड पैसा एका पत्र्याच्या पेटीत राही आणि पेटीची किल्ली रामकिसनच्या करगोट्याला. जिनात चाळीस वर्षं तोलार होता तो. समोर माणूस येऊन बसला तरी आधी त्याचं वजन करून मग ‘राम राम’ म्हणणारा.

“फिरवनारे पाच अन् पेटी अकरा जनाईची,” रामकिसन म्हणाला. “पेटी दवापान्याले हाय, दिव्याच्या तेलाले हाय. खेळाले नाई.”

“शिरपूरच्या बाजारात भेटते म्हनते जोडी. साडेसात रुपयांले,” जगदेव हळूच बोलला.

“मंग जाय अन् घेऊन ये. पेटीतून नाई भेटनार.”

जगदेवला पुष्कळ सांगायचं होतं. पण दहा माणसांसमोर ते तोंडातून निघेना.

तो जिनाच्या बायलरवर होता. एकतीस वर्षं त्यानं बायलरच्या तोंडात लाकडं घातली. शेवटच्या वर्षी मचाणावरून पडला आणि उजवा खांदा धरला तो धरलाच. हात छातीपर्यंत येई आणि तिथंच अडे. डावा हात जेवायला लावायची त्याची तयारी नव्हती, म्हणून म्हातारखोल्यांत आल्यावर रांधणारी गोजराबाई त्याला भरवू लागली. बाई मायाळू होती, कधी एका शब्दानं बोलली नाही. पण साठी ओलांडलेल्या गड्यानं परक्या बाईच्या हातून घास घ्यायचा, याची त्याला इतकी लाज वाटे की जेवताना तो डोळे मिटून घ्यायचा.

ते उदयसिंगनं पाहिलं. उदयसिंग म्हणजे जिनाच्या फाटकावरचा जमादार, तरुणपणी आखाड्यात नाव काढलेला. म्हातारखोल्यांत येताना त्यानं अंथरूण आणलं नाही, पण आपली मुदगलांची जोडी आणली. त्यानं जगदेवच्या हाती एक मुदगल दिला आणि रोज पहाटे त्याच्या मागं उभं राहून त्याचा हात आपल्या हातानं फिरवला. आठ महिन्यांनी जगदेवचा घास ओठांना लागला. त्या दिवशी साध्या वरण-भाकरीवर तो ढसाढसा रडला, आणि उदयसिंग म्हणाला, “रडून काहून राह्यला बे, मीठ जास्ती होईन ना.”

गेल्या साली उदयसिंग गेला. जोडी मागं राहिली आणि पाचसहा जण ती फिरवत राहिले. मग मार्गशीर्षाच्या शेवटी, उदयसिंगच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, भर दुपारी ओसरीवर कोणी नसताना, खुंटीला टांगलेले दोन्ही मुदगल एकाच वेळी उभे तडकले. आवाज पार गावापर्यंत गेला. त्याला आता बारा दिवस झाले होते. जगदेवचा हात दोन बोटं खाली उतरला होता. काल रात्रीचा घास हनुवटीला लागून सांडला होता आणि गोजराबाईनं तो पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

बैठक उठली. जगदेव मागच्या छपरीकडं गेला.

त्या छपरीत सगळ्यांची लाकडं होती. ही तिथली पहिल्यापासूनची रीत. आपल्या मागं कोण सरण रचणार, कोण लाकूड आणणार, याची धास्ती नको म्हणून प्रत्येक माणूस आला की पहिल्या फाल्गुनात त्याच्या नावाची बाभळीची लाकडं तोडून रचून ठेवायची. प्रत्येक ओंडक्यावर ज्याची त्याची खूण कुऱ्हाडीनं पाडायची. जगदेवच्या तीन खाचा, रामकिसनची तराजूची दांडी, गोजराबाईचं जात्यासारखं गोल, उदयसिंगची फुली होती. खूण पडली की ते लाकूड त्या माणसाचं. त्याला पाणी तापवायलाही कोणी हात लावायचा नाही. आणि काही अडलंच, तर आधी खूण तासून काढायची आणि लाकडाला सांगायचं, ‘तू मोकळं’. तोवर ते वाट पाहत राहतं, असं तिथली माणसं मानत.

जगदेवच्या राशीत बेचाळीस ओंडके होते. किती लाकडात किती वाफ होते हे ज्याला आयुष्यभर कळलं, त्याला किती लाकडात माणसाची राख होते हेही कळत होतं. बेचाळीसचे चाळीस झाले तर काय होईल ते त्यानं एकदा बघितलं होतं. जिनातला एक मजूर ऐन श्रावणात गेला आणि लाकूड कमी पडलं. त्या दिवशी जगदेवनं जे पाहिलं ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. माणसाला मरणाचं भय असतं. जगदेवला ते नव्हतं, त्याला अर्धवट राहण्याचं भय होतं.

तरी त्यानं दोन जाड, सरळ ओंडके ओढून काढले. मेल्यावरची लाज एकदाची, जेवतानाची दोन वेळची, असा त्याचा सरळ हिशेब होता.

रिठदचा नानाजी सुतार त्या आठवड्यात शेतीची अवजारं भरायला आला होता. त्याच्यापुढं ओंडके टाकून जगदेव घाईनं म्हणाला, “जोडी काढून द्या यातून. हलकी नको.” नानाजीनं दोन दिवसांत जोडी केली, तेल पाजलं, गुळगुळीत केली. बुडाशी तीन खाचा होत्या, त्या त्याला नक्षीसारख्या वाटल्या. जोडीची खूणच असेल असं समजून त्यानं त्या जपून ठेवल्या. बाहेरगावच्या माणसाला कसं कळावं? आणि जगदेवला विचारायचं सुचलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष मुठीवर होतं.

पौषातल्या थंडीत पहिल्या सकाळी नवी जोडी खुंटीवरून उतरली. गोजराबाई चुलीकडं जाता जाता थांबली. तिनं मुदगलावर हात ठेवला.

“आत्ता कोनं फिरवली?” तिनं विचारलं. “ऊन हाय अजून.”

“कोनीच नाई,” जगदेव म्हणाला.

“मंग उन्हात ठेवली होती काय?”

ऊन अजून पडायचं होतं. एकेकानं हात लावून पाहिला. खरंच, लाकूड कोमट होतं, नुकतंच कोणी हातातून खाली ठेवावं तसं. म्हातारे हसले, एकमेकांना चिमटे काढू लागले की जगदेव रात्रभर जोडी कुशीत घेऊन झोपतो. जगदेवनं मूठ धरली. त्याच्या हाताला ते लाकूड आडातल्या दगडासारखं गार लागलं, इतकं की कोपरापर्यंत कळ गेली.

“हाय ना ऊन?” गोजराबाई म्हणाली.

“हो,” जगदेव म्हणाला. “ऊन हाय.”

त्या साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं होतं आणि ओसरीवर त्याच्या गप्पा चालत. पण सकाळी आधी जोडीला हात लावायचा आणि मग गप्पा, असं होऊन बसलं. जे फिरवत नव्हते तेही येऊ लागले. गोजराबाईची बोटं वातानं वाकडी झाली होती. ती रोज घटकाभर मुदगल मांडीवर घेऊन बसे. पंधरा दिवसांनी तिनं चार वर्षांत पहिल्यांदा सुईत दोरा ओवला आणि ती सुई सगळ्यांना दाखवत फिरली. एका सकाळी जगदेव लवकर उठला, तर ओसरीवर रामकिसन एकटाच बसलेला. त्यानं दोन्ही तळवे मुदगलावर ठेवले होते आणि डोळे मिटले होते. जगदेव पावलं न वाजवता परत फिरला.

जगदेवचा हात सुधारत होता, त्यात शंका नव्हती. पण दुसरे कोणी जोडी फिरवत तेव्हा हवेचा साधा सूं आवाज येई. तो फिरवी तेव्हा त्याला वेगळंच ऐकू येत असे. बायलरचं तोंड उघडलं की आतून एक घोगरी, भुकेली घरघर निघते, तशी. एकतीस वर्षं कानाशी राहिलेला तो आवाज तो झोपेतही ओळखला असता. त्यानं शेजारी उभ्या असलेल्यांना विचारून पाहिलं. कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

माघात एक दिवस गोजराबाई उन्हात बसून जोडीला तेल लावत होती. तिनं मुदगल उलटा केला आणि तिचा हात थांबला.

“जगदेवभाऊ,” ती म्हणाली, “हे लाकूड कुठलं?”

जगदेव दोन पावलं पुढं आला.

“पेटीतून तं नाई आली जोडी. मले वाटलं नानाजीनं उधार देल्ली असन.” तिनं तीन खाचांवरून बोट फिरवलं. “खून तशीच राह्यली, भाऊ. तुमचं सरन आमी रोज मांडीवर घेऊन बसून राह्यलो.”

तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी मुदगल तिनं खाली ठेवला नाही. जगदेव तिच्याजवळ बसला. खूण तासायची राहिली हे त्यालाही आत्ताच कळत होतं. लाकूड गार का लागतं, कशाची वाट बघतं, ते आता कोणी सांगायची गरज नव्हती.

“आत्ताच तासून टाका,” गोजराबाई म्हणाली. “म्हना त्याले, तू मोकळं. मंग ते साधं लाकूड होईन.”

जगदेवनं खोलीतून लाकूड तासायची वाकस आणली. मुदगल मांडीवर आडवा घेतला. मग त्याचं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं. महिन्यापूर्वी त्या बोटांना भाकरीचा गोळा धड धरता येत नव्हता.

“साधं झालं तं गार पडन,” तो म्हणाला.

“पडू द्या.”

“नाई. राहू द्या तसंच.”

“अन् तुमचं कसं होईन? दोन ओंडके कमी.”

“लहानखुरा मानूस हाय मी. भागन तेवढ्यात.” हे तो अगदी सहज बोलला आणि वाकस परत नेऊन ठेवली. पण त्या दिवशी त्याला श्रावणातला तो मजूर सारखा आठवत राहिला.

गोजराबाईच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांना कळलं. दुसऱ्या सकाळी ओसरीवर हसणं नव्हतं. जोडीला हात मात्र सगळ्यांनी लावला.

फाल्गुनात राशी पुन्हा रचायच्या असत. वाळवी बघायची, खालचं लाकूड वर घ्यायचं. दुपारची जेवणं व्हायच्या आधी जगदेव छपरीत गेला. आपली रास त्यानं सवयीनं मोजली. बेचाळीस भरली. पुन्हा मोजली, तरी बेचाळीसच. सगळ्यात वर दोन ओंडके दुसऱ्याच खुणांचे होते. एकावर तराजूची दांडी होती.

त्यानं रामकिसनला हाक मारली. रामकिसन दारातच थांबला, आत येईना.

“हे तुह्यं लाकूड माह्या राशीवर काहून?”

“वजनात कमी दिसत होती रास,” रामकिसन दुसरीकडं बघत म्हणाला. “तोलाराले असं पाह्यवत नाई. पेटीतून नाई देल्लं, माह्यातून देल्लं. आता कोनाले सांगू नको.”

“अन् दुसरा?”

“दुसरा कोन्ता? मी एकच ठेवला.”

जगदेवनं बाजूला सरून जागा दिली. रामकिसन आत आला. दुसऱ्या ओंडक्यावर फुली होती. खाच ताजी नव्हती, जुनी, कडांना काळी पडलेली. छपरीत दुसऱ्या कोणाची फुली नव्हती.

रामकिसन तिथंच जमिनीवर बसला.

“त्याच्या सरनाचं सारं लाकूड म्या रचलं,” तो म्हणाला. “माह्या हातानं, जगदेव. एकबी उरलं नोतं. म्या मोजलं होतं.”

जगदेवनं फुलीवर हात ठेवला. आठ महिने रोज पहाटे मागं उभा राहून आपला हात फिरवणारा माणूस त्याला आठवला. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण भीतीच्या पलीकडं एक मोठं समाधान होतं. आता आपण अर्धवट राहणार नाही.

दोघं ओसरीवर आले. जगदेवनं खुंटीवरची जोडी उतरवली आणि तो जागच्या जागी थांबला. मूठ ऊन होती. फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखी. ती ऊब त्याच्या खांद्यापर्यंत चढत गेली. त्यानं जोडी उचलली, डोक्यामागून पूर्ण वळसा घेतला, वीसदा. कसलाच आवाज आला नाही, जणू लाकडाचं वाट पाहणं संपलं होतं.

गोजराबाई ताटं मांडत होती. तिनं जाता जाता नेहमीसारखा मुदगलाला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

“आज गार पडली,” ती म्हणाली. “काहून बरं?”

रामकिसननं पुढं होऊन हात लावला. मग जगदेवकडं पाहिलं.

“गार हाय,” रामकिसन म्हणाला.

“हो,” जगदेव म्हणाला. “गार हाय.”

त्यानं जोडी खुंटीला लावली, हात धुतले आणि पाटावर बसला. गोजराबाईनं भाकर वाढली. त्यानं उजव्या हातानं तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि सरळ तोंडात घातला, एक कणही न सांडता. एक भाकर झाल्यावर त्यानं दुसरी मागून घेतली. रामकिसन समोर बसून नुसता बघत होता, त्याच्या ताटातलं अन्न तसंच होतं.

त्या दिवशी जगदेव डोळे उघडे ठेवून जेवला.