समजात

“स्पष्ट सांगा ना, काय हवंय तुम्हाला?” तिने पक्कड टेबलावर आदळली. तारेत ओवायचं वटवाघळाच्या बोटाचं हाड उडून फरशीवर पडलं.

दारातला माणूस दचकला. चांगला आडदांड होता, हातात ट्रकची किल्ली. संग्रहालयाच्या या खोलीत ती प्राण्यांचे सांगाडे जोडायची. इथे तिला गाठून हा सांगत होता, की तिचे वडील ते त्याचेही वडील.

“एकदा भेटायचंय, बस्स. फार दिवस काढणार नाहीत म्हणे ते.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई रात्रंदिवस उशाशी बसलेली, आणि आता हा उपटसुंभ! खरा राग वडिलांवर होता. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसावर ओरडणार कसं? हा आयताच समोर सापडला होता.

“आरशात बघितलंत कधी? माझे बाबा काडीपैलवान, डोळे घारे. तुमचं नाक जुळत नाही की डोळे! कुणीही उठावं आणि नातं सांगावं?”

तो नजर कुठे ठेवावी ते न कळून भिंतीकडे बघू लागला. तिथे तिनेच रंगवलेली पाटी वाळत होती: ‘समजात अवयव. वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, माणसाचा हात. रूप वेगळं, काम वेगळं. आतल्या हाडांची ठेवण मात्र तीच, कारण पूर्वज एक.’

तो काय वाचतोय हे पाहून ती आणखीच भडकली.

“ते जनावरांचं आहे!”

“हो,” तो म्हणाला. वाकून त्याने ते हाड उचललं आणि चिमटीत धरून तिच्यापुढे केलं. बाकीची बोटं मिटलेली, करंगळी तेवढी ताठ.

ती बघतेय म्हटल्यावर तो ओशाळला. “ही वाकत नाही. जन्मापासूनच.”

वडील घड्याळं दुरुस्त करायचे तेव्हा त्यांची करंगळी अशीच उभी असायची. गिऱ्हाइकं हसायची.

तिने आपला उजवा हात झटकन ॲप्रनच्या खिशात कोंबला. करंगळी खिशाच्या काठावर अडकली, ती तिने दुसऱ्या हाताने आत ढकलली. त्याने ते पाहिलं. बोलला मात्र नाही, आणि त्याचाही तिला संताप आला.

“चारला ये,” ती खेकसली. “मागच्या जिन्याने. आई तेव्हा जरा पडलेली असते.”

तो मान हलवून वळला.

“आणि हे बघ, ती उठलीच, तर हात खिशात ठेव.”