सहावी बॅटरी

दुपारी दोनची बस चुकली तर आमच्या गावातून पुढची बस संध्याकाळी, आणि त्या बसने गेलं तर नागपूरहून सुटणारी रेल्वे मिळत नाही. हे मी सकाळपासून घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी बाबा म्हणाले, "नंदू, आता त्या बसले बी पाठ झालं असंन." मी हसले नाही. सामान भरताना मला कुणाचे विनोद चालत नाहीत. तसा एरवीही माझा राग नाकावरच असतो, घरचे सांगतीलच.

पलंगावर जुनी चादर अंथरून सगळं मांडलं होतं. तीन लेन्स, ट्रायपॉड, फिल्टर, हातमोजे, डोक्याला बांधायची बत्ती, दमट हवेसाठी सिलिकाच्या पुड्या आणि कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या. बॉडी म्हणजे लेन्स काढल्यावर जो डबा हातात उरतो तो. आमच्या धंद्यात पुण्यापासून पवनीपर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. पैकी एक माझी, लग्नं काढून काढून घासलेली, आणि दुसरी नागपूरहून सेकंडहँड आणलेली.

आम्ही गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातले. जुनं गाव पाण्याखाली गेलं, बाबांचं जाळं पाण्यावर राहिलं. बाबा म्हणजे मुरारी, त्या पाण्यात मासे धरतात, माय म्हणजे मंदाबाई, ते पवनीच्या बाजारात विकते, आणि मी लग्नाबारशाचे फोटो काढते. पंचक्रोशीत माझं नाव नंदिनी कमी आणि 'शूटिंगवाली' जास्त. डिसेंबरच्या धुक्यात एकट्या डोंग्याचा, म्हणजे आमच्या लहान होडीचा, मी काढलेला एक फोटो प्रफुल्ल सरांनी पाहिला. सर मूळचे नागपूरचे, आता मनालीत राहतात, आणि दरवर्षी आठ जणांना घेऊन स्पितीत जातात, चौदा-पंधरा हजार फुटांवर, डोंगरांचे फोटो काढायला. एक जागा ते लहान गावातल्या माणसाला देतात. यंदा ती मला मिळाली होती. यादीत माझ्या मागे आणखी एक नाव तयार होतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत सगळ्यांना खाली उतरायचं असतं, त्यामुळे ते कुणासाठी थांबत नाहीत.

सकाळी आठच्या सुमारास सरांचा आवाजी मेसेज आला. माझे हात फिल्टर पुसण्यात अडकले होते, म्हणून मी तो स्पीकरवर लावला. माय दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती.

"नंदिनी, दोन बॉड्या घेतल्यास ना? वर थंडीत एखादी बॉडी मरते. मेली की मेली, तिच्यापाशी थांबायचं नाही. तंबूत तशीच सोडायची आणि पुढे निघायचं. मागच्या वर्षी एकाची पाण्यात गेली, आम्ही शोधतही बसलो नाही. आणि बॅटऱ्या सहापेक्षा कमी नकोत. थंडीत झपाट्याने उतरतात. बॅगेत नाही ठेवायच्या, बॉडीजवळ ठेवायच्या. आपल्या अंगाच्या गरमीनेच टिकतात."

मी मान हलवत अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पुढच्या कामाला लागले. माय सूप तिथंच ठेवून उठली होती, हे मी पाहिलंही नाही. मला चार्जरचा लाल दिवा दिसत होता, तिचा चेहरा नाही.

साडेबारापर्यंत सगळं बॅगेत बसलं. मधल्या वेळात बाबांनी जाळ्याच्या नायलॉनच्या दोरीने प्रत्येक लेन्सचं झाकण लेन्सला बांधून टाकलं होतं. डोंग्यात आमच्याकडे कुणी काही सुटं ठेवत नाही. वल्हं, डबा, विडीचं बंडल, सगळं कशाला ना कशाला बांधलेलं असतं. बाबांचा हात त्यातच तयार झालेला. त्यांनी जाळं तरंगावं म्हणून लावतात तो प्लास्टिकचा पिवळा गोळाही बॅगेला लटकवला. मी म्हटलं, "बाबा, तिथं पाणी नाही, बरफ आहे." ते म्हणाले, "बरफ पिघलला का पाणीच होते."

शेवटी बॅटऱ्यांची निळी पिशवी तेवढी भरायची राहिली होती. मी चार्जरपाशी हात नेला, तर चार्जर होता आणि पिशवी नव्हती.

पहिली पाच मिनिटं मी शांतपणे शोधलं. नंतरची पाच मिनिटं गादी उलटी केली. एक वाजता भरलेली बॅग पुन्हा चादरीवर रिकामी केली. सिलिकाच्या पुड्या पलंगाखाली घरंगळल्या. बॅटरीशिवाय दोन्ही बॉड्या म्हणजे दोन विटा. नागपूरला उतरून नव्या घ्यायच्या, तर त्या कंपनीच्या सहा बॅटऱ्या एका दुकानात मिळणं कठीण, आणि बस आणि रेल्वेच्या मध्ये मला मोकळा मिळत होता जेमतेम अर्धा तास.

"बाबा, तुमी उचलली का निळी पिशवी?"

"मी कायले उचलू?"

"सकाळपासून तुमीच इथं बांधाबांधी करून राहिले! कोठी बांधून ठेवली असंन तर सांगा!"

 उकडत होतं म्हणून काढून ठेवलेला सदरा बाबांनी अंगात घातला आणि अंगणात जाऊन जाळ्याखाली, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, सायकलच्या कॅरिअरवर शोधू लागले. अंगणात बॅटऱ्या कशा असतील? पण मी ओरडले होते, आणि मी ओरडले की ते काहीतरी शोधू लागतात. मला माझीच लाज वाटली, पण घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती आणि लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माय शोधत नाही. एरवी माझी साधी पिन हरवली तरी घर डोक्यावर घेणारी ती बाई चुलीपाशी पाट घेऊन भिंतीला टेकून बसली होती. परातीत भात तसाच गार झालेला. डावा हात कमरेवर, जिथं ती सुपारीची पिशवी खोचते तिथं, गच्च दाबलेला.

"माय, तू पाहिली?"

"नाही."

"माझ्याकडं पाहून सांग."

तिने पाहिलं नाही. मायला मासे तोलताना पाच ग्रॅमचंही खोटं जमत नाही. "मीच घेतल्या," ती म्हणाली.

"काहून?"

"तू जाऊन नाही राहिली म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलू नये तेच बोलले. "तुले माझं चांगलं होताना पाहवत नाही! जन्मभर टोपली घेऊन बाजारात बसली, आता मले बी बसवाचं आहे का? आण इकडं!"

तिने हात आणखी दाबला. आवाज मात्र चढवला नाही. "त्या माणसानं काय सांगतलं ते ऐकलं मी. बॉडी मेली तर तिथंच सोडून देतो म्हणे. एकाची पाण्यात गेली तर पाहलं बी नाही म्हणे. दोन-दोन बॉड्या होतात तिथं अन् तू मान हलवून राहिली."

मला आधी हसूच फुटलं. ते अर्ध्यात थांबलं.

पाच वर्षांपूर्वी लिलाधरमामाचा, तिच्या धाकट्या भावाचा, डोंगा वादळात धरणाच्या पाण्यात उलटला. तीन दिवस तो सापडला नाही. अंधार पडला की सरकारी माणसं परत जायची, आमची माणसं जायची नाहीत. बाबा आणि आणखी नऊ जण गळ टाकून पाणी विंचरत राहिले, आणि घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी सापडला. मग दवाखान्याच्या दारात कुणीतरी कागद घेऊन आलं आणि मायला म्हणालं, "बॉडी तुमचीच ना? इथं अंगठा द्या." हा शब्द मायच्या आयुष्यात तिथून आला. त्यानंतर तिने तो आज पहिल्यांदा तोंडातून काढला होता.

मी तिच्यासमोर बसले. घासलेली बॉडी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"माय, ही बॉडी. कॅमेऱ्यालेच म्हणतात. ही मेली म्हणजे बंद पडली. ही सोडून देतात, माणूस नाही."

"हे?" तिने डबा उलटासुलटा करून पाहिला. "याले बॉडी म्हणतात?"

"हो."

"असं नाव कायले ठेवाचं?"

 तिने डबा माझ्या हातात परत दिला. मला वाटलं, झालं, मिटलं, आता पिशवी निघेल. एक पस्तीस झाले होते. बाबाही दारात येऊन उभे होते. पण हात काही कमरेवरून हलला नाही.

"बरं. हे सोडतात," माय म्हणाली. "अन् माणूस मेला तर?"

"कोणी मरत नाही, माय!"

"लिलाधर बी मरत नव्हता. पोहाले येत होतं त्याले. मी इचारून राहिली ते सांग. माणसाले काही झालं तर आणतात का सोडतात?"

मला खरंच माहीत नव्हतं. दोन महिने मी लेन्सची वजनं केली होती, हवामान पाहिलं होतं, बूट घालून धरणाच्या भिंतीवर चढ-उतार केली होती, आणि हे मात्र कुणाला विचारलं नव्हतं. मी खोटं बोलू शकले असते. पण मायसमोर खोटं बोलायचं म्हणजे तिच्याच तराजूत तिलाच फसवायचं.

"मले माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग त्याले इचार."

फोन लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मी आवाजी मेसेजचं बटण दाबून फोन मायच्या तोंडासमोर धरला. ती घसा खाकरून, बाजारात बोलते तशी मोठ्याने बोलली.

"सर, मी नंदिनीची माय बोलून राहिली, मंदाबाई. तुमचा डब्बा मेला तर टाकून द्या, आमचं काही म्हणणं नाही. पण पोट्टीले काही झालं तर टाकून याल का आणाल, तेवढं सांगा. खरं सांगजा."

मेसेज गेल्याची एक खूण उमटली. पोचल्याची दुसरी उमटेना. बाबा सायकल काढून फाट्यावर निघाले, बस आली तर थांबवायला. मी बॅग पुन्हा भरू लागले. एक लेन्स दोनदा चुकीच्या खणात गेली. एक पंचेचाळीस. दुसरी खूण उमटली. एक पन्नास. मायने आणि मी फोनकडे असं पाहिलं की एखाद्याने पाहिलं असतं तर म्हटलं असतं, चुलीवरचं दूध उतू जायची वाट पाहतात की काय. लांबून बसचा हॉर्न आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मनात म्हटलं, गेली. यादीतलं पुढचं नाव उद्या सकाळी बॅग भरेल.

आणि फोन वाजला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग सरांचा आवाज, आणि पहिल्यांदाच त्या आवाजात नागपूर होतं.

"मावशी, कॅमेरा टाकीन. माझा सोताचा बी टाकीन. नंदिनीले नाही टाकणार. तिले घेतल्याशिवाय मी खाली उतरत नाही. आणि तिले काही होऊ बी देणार नाही."

मायने तो मेसेज दोनदा ऐकला. "होऊ देणार नाही, ते कोणीबी म्हणते," ती म्हणाली. "आणीन म्हणाला, ते बरं." मग तिने पदर बाजूला करून निळी पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. पिशवी चांगलीच गरम होती.

"थंडीत याले कोठी ठेवाचं सांगतलं?"

"अंगाशी."

"मंग? सकाळपासून मी तेच तर करून राहिली."

मी तिला मिठी मारली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही, आणि वेळही नव्हता. मघाशी बोलले त्याबद्दल माफीही मागितली नाही. नुसतं तिच्या पाया पडले आणि बॅग पाठीवर घेऊन पळाले. मागून पिवळा गोळा ढुंगणावर आपटत होता. फाट्यावर बाबा बसच्या समोर सायकल आडवी घालून उभे होते आणि ड्रायव्हर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

बस सुटली. धाप थांबल्यावर मी बॅटऱ्या माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायला काढल्या आणि सवयीने मोजल्या. पाच. पिशवी उलटी केली. पाच. मी ताडकन उठले, "थांबवा" म्हणायला तोंडही उघडलं. मागच्या काचेतून पाहिलं तर माय फाट्यापर्यंत चालत आली होती. ती बाबांच्या शेजारी उभी होती. डावा हात कमरेवर, गच्च.

फोन वाजला. बाबा होते. "नंदू, तुझी माय म्हणते का एक तिनं ठेवली. ती घ्याले येजो म्हणते."

मला रडू कोसळलं. सहापेक्षा कमी नकोत, सरांनी सांगितलं होतं. पाचांत भागवावं लागणार होतं.

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला आणि मला उभी पाहून म्हणाला, "काय झालं वो बाई? मांगं काही राह्यलं का?"

"राह्यलं," मी म्हटलं आणि खाली बसले. "चालू द्या. परत येऊन घेतो."