थंडीत बोंबलणारी गाडी

आमच्या शिवाजी पेठेत कुणी हळू बोललं की लोक विचारतात, "का रं, आजारी हायस काय?" त्यामुळं आमचं मालक, हंबीरराव, गेली दोन-तीन वर्सं जास्तच मोठ्यानं बोलाय लागलेत ह्याचं मला कधी काय वाटलंच न्हाय. मी तरी कुठं कमी हाय? चहात साखर किती घालू म्हणून विचारलं तरी तालमीपत्तोर ऐकू जायचं.

नव्व्याण्णव सालचा जानेवारी. थंडी अशी पडलेली की खोबरेल तेलाची बाटली चुलीपाशी ठेवाय लागायची. मालकांची जुनी पांढरी गाडी लग्नाच्या भाड्यानं जायची, चालवायचे ते स्वतःच. फुलं लावून नवरी न्यायची, त्यातच त्यांचा सगळा मान. थंडी वाढली तशी ती सकाळी चालू करताना किंचाळाय लागली. असली कर्रर्र करायची की गल्लीतली कुत्री उठून बसायची. गरम झाली की गप्प.

"अवो, गाडी बोंबलतीय!"

"कुठं काय? मस्त हाय की!"

आता माणसाचं डोकं फिरंल का न्हाय? ती समोर बोंबलतीय, आणि ह्यांचा हात बॉनेटवर, तोंडावर हसू. स्वतःच्या गाडीत खोट काढलेली ह्यांना खपत न्हाय, असंच मी धरून चालले होते. रोज सकाळी आमचं भांडण ठरलेलं.

पण रविवारी शेजारच्या शांतव्वाच्या रक्षिताला नवरी म्हणून शाहूवाडीकडं न्यायचं होतं. पोरगी माझ्याच मांडीवर वाढलेली. वाट वळणावळणाची. गाडीनं मधेच दगा दिला तर? माझ्या जिवाला घोर लागला. शेवटी शनिवारी मी मालकांना न विचारता फक्रुद्दीन मिस्त्रींना घरीच बोलावलं. गॅरेजपत्तोर नेली तर गाडी गरम होऊन गप्प बसली असती, म्हणून ते सकाळीच, ती गार असतानाच आले.

मालक फुगले. "माझ्या गाडीला काय धाड भरलीय?" म्हणाले आणि लांब जाऊन पाठ करून उभं राहिले.

मिस्त्रींनी चावी फिरवली. कर्रर्र! शांतव्वा "अय्यय्यो!" म्हणत दारात आली. मिस्त्रींनी पंख्याच्या पट्ट्यावर पेल्यातलं पाणी शिंपडलं. आवाज जरा थांबला, परत सुरू झाला.

"पट्टाच हाय, वहिनी. जुना होऊन कडक झालाय, गारठ्यात घसरतोय. बदलला की झालं."

मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर नळी लावतो तसं मिस्त्री लोक ऐकतात. "आत काय न्हाय. बेफिकीर ऱ्हावा."

माझा जीव भांड्यात पडला. गाडी अजून किंचाळतच होती. तेवढ्यात मालक पाठमोरेच ओरडले, "मिस्त्री, आवो चालू करा की! किती वेळ नुसतं बघत बसणार?"

शांतव्वानं तर कानांवर हात दाबून धरलेले.

मालक तरातरा आले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "हां, झाली व्हय चालू."

मला वाटायचं, हात लाडानं ठेवतात. गाडी चालू हाय का बंद, हे त्यांना हाताला कळत होतं. पट्टा काय, दुपारपत्तोर बदलला असता. पण उद्या घाटात मागनं ट्रकनं हॉर्न दिला तर? पाठीमागं नवरी बसलेली असणार.

मिस्त्री पुढं झाले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मालकांच्या हातात दिला, टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ त्यांच्या कानामागच्या हाडाला लावली. मालकांचा चेहराच बदलला.

"अगं... बोंबलतीय की गं!"

मिस्त्रींनी गाडी बंद केली आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "आमच्या अब्बांचं असंच होतं. कानानं न्हाय, पण हाडातनं ऐकू यायचं. डॉक्टरला दाखवा, यंत्र बसंल."

मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरला. मला वाटलं, आता चिडतील, मिस्त्रींना हाकलतील. पण त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर सदऱ्याला पुसला, टोक माझ्या हनुवटीला टेकवलं आणि मूठ परत कानामागं धरली.

"हं. बोल, काय बोलायचं हाय ते."

एवढी तोंडाळ मी, पण एकच वाक्य सुचलं. कसंबसं म्हटलं, "रक्षिताला तुम्ही न्यायचं न्हाय."

ओरडले न्हाय मी. पुटपुटलेच.

"ऐकलं," ते म्हणाले. खिशातनं दुसरी चावी काढून मिस्त्रींच्या हातावर ठेवली. "नवरी तुम्ही न्या. मी फेटा बांधून बाजूला बसतो."

स्क्रू-ड्रायव्हर मात्र त्यांनी माझ्या हनुवटीवरनं काढला न्हाय.

"थांबलीस का? आणखी कायतरी बोल की गं."