मागच्या सीटवर कोणी नाही

पुलावर अ‍ॅम्ब्युलन्स बावीस मिनिटं अडकली आणि रुग्णापर्यंत पोचेतो सगळं संपलं होतं. त्या बावीस मिनिटांत मागे बसलेल्या सिस्टरने खिडकीतून किती मोटरसायकली पुढे सटकताना पाहिल्या, याची गणती नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली.

"मोटरसायकल?" डॉक्टर म्हणाले. "आणि पेशंटला कुठे बसवणार? मागच्या सीटवर?"

दारातला वॉर्डमामा फस्सकन हसला.

"पेशंटला न्यायचंच नाहीये," सिस्टर म्हणाली. "मला न्यायचंय. पेशंटला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स मागून येईलच."

डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिली. हॉस्पिटलच्या मागे धूळ खात पडलेली एक जुनी मोटरसायकल मिळाली. सिस्टरचा दीर गॅरेजवाला होता. त्याने दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या बसवल्या, एकीत ऑक्सिजनचा लहान सिलिंडर, दुसरीत हृदयाला शॉक द्यायचं यंत्र आणि इंजेक्शनं. पहिल्याच आठवड्यात खड्ड्यांनी निम्म्या काचेच्या कुप्या फुटल्या.

"वहिनी, जरा हळू चालवत जा," दीर म्हणाला.

"हळूच जायचं असतं, तर अ‍ॅम्ब्युलन्स काय वाईट होती, भाऊजी?"

त्याने जुनी गादी फाडली, फोम कापला आणि प्रत्येक कुपीला तिच्या मापाचं घर करून दिलं. त्यानंतर एकही कुपी फुटली नाही.

दुसऱ्या महिन्यात, भर दुपारी, एका शिंप्याच्या दुकानातून फोन आला. गांधीलमाशी चावली होती. सिस्टर सहा मिनिटांत पोचली. शिंपी मशीनशेजारी जमिनीवर बसला होता. ओठ सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्याची बायको दारातच आडवी आली.

"आम्ही गाडी बोलावली आणि तुम्ही फटफटी घेऊन आलात! ह्यांना काय हँडलवर बसवणार?"

"आधी ते टेबल रिकामं करा," सिस्टर म्हणाली.

कात्र्या, खडू, कापड, सगळं खाली गेलं. दोघींनी मिळून शिंप्याला टेबलावर आडवं केलं. पाय उंच राहावेत म्हणून खाली कापडाचे दोन तागे सारले. सिस्टरने मांडीत इंजेक्शन दिलं आणि ऑक्सिजन लावला. पाच मिनिटांनी नाडी अजून क्षीणच लागत होती, म्हणून तिने दुसरं दिलं. बायको नवऱ्याचा हात धरून बसली होती. हळूहळू शिट्टी बारीक झाली, मग थांबली. शिंप्याने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "टेबल कोणी मोकळं केलं?"

अ‍ॅम्ब्युलन्स पुढे वीस मिनिटांनी आली. ड्रायव्हर घामाघूम झाला होता. शिंप्याला आत चढवल्यावर बायको सिस्टरकडे वळली. तिने नुसता सिस्टरचा खांदा दाबला आणि गाडीत चढली.

सगळेच फोन असे नव्हते. एका म्हाताऱ्याकडे सिस्टर चार मिनिटांत पोचली, तेव्हा त्याला जाऊन तास झाला होता. करण्यासारखं काही नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्याच्या लेकीशेजारी पायरीवर बसून राहिली. लेक आधी रडली, मग वडिलांच्या चिडखोरपणाचे किस्से सांगायला लागली. एकावर दोघी हसल्यासुद्धा.

सहा महिने संपले. मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरची नोंदवही चाळली आणि त्या म्हाताऱ्याच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"हे वगळू या का? अहवालात बरं दिसणार नाही."

"नको," सिस्टर म्हणाली. "लवकर पोचूनही कधी कधी हाती काही लागत नाही, हेही लिहायला हवं. नाहीतर उद्या लोक आमच्याकडून जादूची अपेक्षा करतील."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, नोंद तशीच ठेवली आणि खाली दुसऱ्या मोटरसायकलीची मंजुरी लिहिली. ती कोण चालवणार, असं विचारलं तेव्हा दारात उभा असलेला वॉर्डमामा घसा खाकरून म्हणाला, "मला गिअरची येते."