घाटे मॅडमच्या बाजूची जागा

सर्व्हरच्या डिस्कचे मी दोन भाग केले तेव्हा आमच्या खोलीचेही दोन भाग झाले आणि घाटे मॅडम पलीकडच्या भागात गेल्या. मधे पांढरी भिंत आली. तिला दार नव्हतं.

ग्रंथालयाच्या संगणक विभागात आम्ही दोघं अकरा वर्षं शेजारी बसत होतो. त्या दिवशी सर्व्हरवर नवी सिस्टीम टाकायची होती.

“खांबेटे,” मॅडम पलीकडून म्हणाल्या, “इथं फार अडचण होतेय हो. गुडघे पोटाशी घेऊन बसलेय.”

मी स्क्रीनवर पाहिलं. त्यांच्या वाट्याला वीस जीबी आले होते, माझ्याकडे चारशे ऐंशी. भिंत काढायची तर पलीकडचा भाग पुसावा लागणार होता. मी साहेबांना फोन लावला.

“मग पुसा की,” साहेब म्हणाले.

“तिथं घाटे मॅडम आहेत.”

“त्यांचा बॅकअप?”

“नाही घेतला.”

“अकरा वर्षांत एकदाही नाही?”

“नाही.”

त्यांनी फोन ठेवला.

मी माझा भाग शंभरने कमी केला. भिंत माझ्याकडे सरकली. कपाटं न मोडता अरुंद झाली. पलीकडे मॅडमनी पाय पसरले, पैंजण वाजले. त्या पैंजण घालतात हे मला माहीत नव्हतं.

“अजून थोडी जागा मिळेल?”

मी दिली. मग पुन्हा दिली. डबा खाताना माझं कोपर भिंतीला लागायला लागलं. मॅडम येरझाऱ्या घालत होत्या. मग त्या सरळ चालतच गेल्या. इकडे गवत आहे, म्हणाल्या. वारा सुटलाय, म्हणाल्या. आवाज लहान होत गेला.

“मॅडम, मला तुम्हाला काही सांगायचं होतं,” मी म्हणालो. तेव्हा तीन वाजले होते. उत्तर साडेचारला आलं.

“सांगा ना.”

मी सांगितलं. एकच वाक्य होतं, भिंतीला तोंड लावून मोठ्याने म्हणावं लागलं. मग वाट पाहत राहिलो. खुर्चीपुरती जागा उरली नव्हती म्हणून उभ्यानेच. सहा वाजले तरी उत्तर नाही. मागे वळायला त्यांना जागा पुरत नसेल, असं वाटून मी माझी उरलेलीही देऊन टाकली.

भिंत छातीला टेकली. कोमट होती. पलीकडून कुणीतरी तिला पाठ लावून बसलं होतं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर भिंत जराशी माझ्याकडे येत होती.