बना आत्यांना घातलेला हार

“फोटू काढायचा तर काढ, पन फ्रेमीत घालू नको. फ्रेमीतल्या मानसाला कुनी कसं हाईस म्हून इचारत न्हाई,” बना आत्या म्हणाल्या होत्या.

“आत्या, आपण असलं मानत नाही,” यशोधरा हसली. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईला असं हसावंच लागतं.

या आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, भीमराजच्या आत्या. जामखेडकडच्या एका खेड्यात एकट्या राहतात. तरुणपणी त्या गावोगावचे हापसे दुरुस्त करायच्या. बाईनं हापशाला पाना लावला तर पाणी आटेल, म्हणणारे लोक भर उन्हाळ्यात त्यांच्याच दारात कळशी घेऊन उभे राहायचे. “पहिल्यांदा पाना हातात घेतला तेव्हा मनात काय आलं?” यशोधरानं मोबाईल पुढं धरून विचारलं होतं. “तहान लागली हुती,” आत्या म्हणाल्या. हे उत्तर यशोधराला प्रेरणादायी वाटलं नाही, म्हणून तिनं ते गाळलं.

महिला दिनाला सावेडीतल्या तिच्या सोसायटीत प्रदर्शन होतं, आपल्या घरातल्या बायकांचा इतिहास. कल्पना अर्थात यशोधराचीच. थोर स्त्रियांच्या तसबिरींना हार घातले होते, शेजारी आत्यांची फ्रेम तेवढी बोडकी. तिला बघवेना. उरलेला हार तिनं स्वतःच्या हातानं घातला, फोटो काढला, खाली ‘विनम्र अभिवादन’ लिहिलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग लेकीला निजवायला घरी आली, फोन सायलेंट करून.

लेक उठली तोवर ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला होता. तेवढ्यात खर्ड्याहून उत्तमरावांचा, तिच्या चुलत सासऱ्यांचा, फोन आला.

“टेम्पो करून निघालोय आमी. कशानं गेली गं बना?”

“काका, गेल्या नाहीत हो! हार मी घातला, सन्मानाचा!”

“सन्मानाचा? मग कशी हाय ती?”

फोटो काढून आणल्यापासून यशोधरानं आत्यांना फोनच केला नव्हता. आता लावला, तर बंद. ग्रुपवर विचारलं. इतक्या माणसांत आत्या जिवंत आहेत असं कुणी छातीठोक सांगेना. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना बघणारी ही बाई! आत्यांच्या घराला साधी कडी आहे की कुलूप, हेही तिला आठवेना.

भीमराजनं गाडी काढली. थर्मामीटर, डायपर, गरम पाणी घेता घेता तिनं इतका वेळ लावला की टेम्पो आधी पोचला.

आत्या खाटेवर होत्या. आदल्या दिवशी मोरीत घसरल्या होत्या, घोटा सुजून टम्म झाला होता. फोनचं चार्जिंग संपलेलं, चार्जर पलीकडच्या भिंतीला. टेम्पोतल्या बायका डोळे पुसता पुसता चहा टाकत होत्या. रडायच्या तयारीनं आलेल्यांना एकदम थांबता येत नव्हतं.

“आलीस व्हय, यशे?” आत्यांनी मान वळवली. “कालधरनं हाका मारतीया, कुत्रं फिरकलं न्हाई. तू हार घातला आन् टेम्पो भरून मानसं आली. लई गुनाचा हार!”

यशोधरा काहीतरी मोठं बोलायला गेली, पण तोंडून निघालं, “आत्या, ताप बघू का?” आणि तिनं लेकीचं थर्मामीटर त्यांच्या काखेत घातलं. आत्यांनी घालू दिलं.

घोट्याला प्लास्टर घालून आत्या सध्या सावेडीतच आहेत, आणि यशोधरा आता दोघींच्या नाकाखाली बोट धरते. प्रदर्शनाचं तिला कुणी विचारलं तर ती विषय बदलते. तुमच्याकडं मात्र तिचं एक मागणं आहे. तुमचीही कुणी बना आत्या असेल, जिचा किस्सा तुम्ही चारचौघांत अभिमानानं सांगता. आत्ता तिला फोन लावा. नाही उचलला तर शेजारच्यांना सांगून दार वाजवायला लावा. हार नंतर बघू.