चोवीस रोपांचा केसपेपर

दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम माझं. नाव, वय, वजन, काय होतंय, एवढं लिहून मी माणूस आत पाठवते. सहा वर्षांत एकदाच माझा पेन अडला, तो भूमितीच्या बाई आल्या त्या दिवशी.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या दारात उभ्या राहिल्या की बसलेली माणसं आपोआप ताठ व्हायची. त्या दिवशी त्यांच्या हातात काळा प्लास्टिकचा ट्रे होता. ट्रेमध्ये चोवीस खळगे, प्रत्येकात भिजलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यात टोमॅटोचं एकेक रोप. मागे त्यांचा धाकटा भाऊ, पडेल चेहऱ्यानं.

"नंबर लाव," बाई म्हणाल्या.

"कुणाचा?"

"दिसत नाहीत? पिवळी पडलीत."

मी म्हटलं, बाई, इथे माणसांचे डॉक्टर बसतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं लिहायला घेतलं. वय एकोणीस दिवस. वजन करायला ट्रे तान्ह्या बाळांच्या काट्यावर ठेवला: तीन किलो दोनशे. "छान भरलंय," बाकावरची एक बाई कौतुकानं म्हणाली. नंबर नववा होता, पण खोकणाऱ्या एका काकांनी आपला दुसरा नंबर देऊन टाकला. "जाऊ द्या त्यांना आधी. लहान आहेत."

आमचे डॉक्टर शाळेत बाईंचे विद्यार्थी. हजेरीपटावर त्यांचा नंबर सतरा, आणि बाई त्यांना अजून तेवढंच म्हणतात. बाई आत शिरल्या तसे डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"सतरा, ही तपास."

"बाई, मला झाडांतलं काही..."

"येत नसेल तर तसं सांग."

एवढं ऐकल्यावर डॉक्टरांनी ट्रे टेबलावर घेतला. सवयीनं "जीभ दाखवा" म्हणाले, मग ओशाळून घसा तपासायच्या लाकडी पट्टीनं एक पान उचललं. दुसरं उचललं. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. रुग्ण कोण हे विसरून ते कामाला लागले.

"वरची नवी पानं पिवळी. खालची जुनी अजून हिरवी. आणि पिवळ्या पानांतही शिरा हिरव्या. बाई, हा अशक्तपणा आहे. लोह कमी पडतंय."

"लोह आहे खतात. पुडीवर लिहिलंय. पिवळी दिसली म्हणून मी दुप्पट दिलं. मग चौपट."

"आणि ही टोकं करपलीत, ती तेव्हापासून?"

भावानं मान हलवून हो म्हटलं.

"म्हणजे पोटात जातंय, पण अंगी लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "लघवी तपासावी लागेल."

खोलीत कुणीच हसलं नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं की वरून पाणी घातल्यावर ट्रेच्या भोकांतून जे खाली गळतं, तेच मुळांजवळ काय चाललंय ते सांगेल. मी निर्जंतुक बाटली घेऊन शेजारच्या लॅबमध्ये गेले. लॅबवाला नियमाचा माणूस. पेशंट कोण हे बघायलाही तो उठला नाही. "सुरुवातीचे थेंब सोडून द्या, मधली धार घ्या," एवढं सांगून त्यानं फॉर्म पुढे केला. स्त्री की पुरुष, या रकान्याशी मी थांबले. परत येऊन बाईंना विचारलं.

"टोमॅटो पुल्लिंगी. पण रोप नपुंसकलिंगी," बाई म्हणाल्या. "तपासणी रोपाची आहे. तेच लिही."

मी मधली धार धरली, बाटली पोचवली, आणि वीस मिनिटांत लॅबमधून फोन आला. आवाज घाबरलेला.

"साखर चार प्लस आहे. पेशंट शुद्धीवर आहे का?"

मी ट्रेकडे पाहिलं. "उभे आहेत. चोवीसच्या चोवीस."

"एकटा सोडू नका," म्हणून त्यानं फोन ठेवला.

रिपोर्ट आला. साखर चार प्लस, क्षार तपासायच्या पट्टीवर शेवटच्या टोकाला, आणि पीएच आठ. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"क्षार समजले, खत चौपट आहे. पण साखर? झाडाच्या पाण्यात साखर येईल कुठून?"

तेवढ्यात मला टेबलावरून मुंग्यांची ओळ दिसली. ट्रेपासून निघून, रक्तदाबाच्या यंत्राला वळसा घालून ती खिडकीपर्यंत गेली होती. बाईंनीही पाहिली. मग त्या सावकाश भावाकडे वळल्या.

"ताई, मी फक्त ग्लुकोज घातलं," भाऊ म्हणाला. "रोज सकाळी दोन चमचे, पाण्यात कालवून. तू खत घालतेस, पण प्रेमानं बोलत नाहीस त्यांच्याशी. वाळत चालली होती गं. वाढत्या वयात शक्ती नको?"

"आणि तुम्ही स्वतः?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन त्यांना, दोन मला."

डॉक्टरांनी लगेच त्यांचं बोट टोचलं. साखर अगदी नॉर्मल निघाली. डॉक्टर जरा नाराज झाले.

"साखरेनं पानं पिवळी पडली नाहीत, नुसत्या मुंग्या आल्या," ते म्हणाले. "खरी गोष्ट हा आठ आकडा." त्यांनी बेसिनचं पाणी पीएच तपासायच्या कागदी पट्टीवर घेतलं. तेही आठ. "नळाचंच पाणी असं आहे. लोह मुळांपाशी पडून आहे, पण एवढ्या अल्कधर्मी पाण्यात मुळांना ते उचलता येत नाही. तुम्ही जेवण वाढवत गेलात, आणि तोंडच बंद. कोकोपीटचं पाकीट आहे का?"

बाईंच्या पिशवीत पाकीट होतं. मागच्या बाजूची अक्षरं मुंगीएवढी. डॉक्टरांनी कान तपासायचं भिंग काढलं आणि मोठ्यानं वाचलं: "वापरण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात तीनदा धुवावे. नंतर कॅल्शियमच्या पाण्यात रात्रभर भिजवावे, अन्यथा काथ्या झाडाच्या वाट्याचे कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतो."

"धुतलं होतं?"

"एकदा," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही. भिजवून फुगवलं फक्त."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. मग जे बोलले ते बहुधा चाळीस वर्षं त्यांच्या घशात अडकलं असावं.

"बाई, प्रश्न नीट वाचायचा. मग उत्तर लिहायचं."

मला वाटलं, आता काही खरं नाही. भाऊ तर दाराकडे सरकलाच. पण बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. पुढे सांग."

डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहिली. ग्लुकोज बंद. खत बंद. पाण्यात लिंबाचे थेंब टाकत पट्टीवर पीएच सहा आणायचा, आणि त्या पाण्यानं ट्रे धुवायचा, खालून येणाऱ्या पाण्यातले क्षार उतरेपर्यंत. मग पाव मात्रा खत, सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. चार दिवसांनी दाखवायला आणणे.

चार दिवसांनी बाई तणतणत आल्या. "पिवळी पानं पिवळीच आहेत!"

"ती हिरवी नाही व्हायची," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्याकडे बघूच नका. शेंड्याकडे बघा." शेंड्याला तांदळाच्या दाण्याएवढं नवं पान होतं, हिरवंगार. बाईंनी ते इतका वेळ पाहिलं की बाहेर तीन पेशंट वाढले. भाऊ मात्र पिवळ्या पानांपाशी वाकून काहीतरी पुटपुटत होता. बाईंनी त्याला थांबवलं नाही.

तीन रोपं गेली. एकवीस तगली. ती मोठ्या कुंड्यांत लावली त्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यासमोरच राहणाऱ्या बाईंच्या गच्चीवर गेलो. लॅबवालाही आला. आपला पेशंट त्यानं कधी पाहिलाच नव्हता. तो कुंड्यांमधून हात मागे बांधून फिरला आणि शेवटी म्हणाला, "यांतला सँपल कुणाचा होता?"

"सगळ्यांचा," मी म्हटलं. "ट्रेखालचं पाणी होतं."

त्याचा चेहरा उतरला. "एका बाटलीत चोवीस जणांचं? मग तो रिपोर्ट कुणाचाच नाही. मी सही केली त्यावर."

डॉक्टरांनी समजूत घातली. भावानं चहा पुढे केला. त्यानं घेतला नाही. तो तडक खाली गेला, आणि आम्ही गच्चीवरून पाहत होतो, तो लॅबमधून परत आला तेव्हा त्याच्या हातात खोका होता. खोक्यात एकवीस बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावलेली.

"सुरुवातीचे थेंब सोडून द्या," तो म्हणाला, आणि बाईंनी झारी उचलली.